मान न वळवणारा कॅमेरा

फुआतिनोआजी तोंडात कोयता धरून विजेच्या खांबावर चढली आणि तिनं गावाचा कॅमेरा नारळासारखा खाली पाडला, ही बातमी सावाई बेटावर बसच्याही आधी पोचली. पलीकडच्या गावात तर तिनं तो चुलीत भाजलासुद्धा.

खरं एवढंच, की स्वतःच्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना आजीला तीनदा देवाचं नाव घ्यावं लागतं. ती फक्त खांबाखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिनं कॅमेऱ्याला विचारलं, "कुणाचा रे तू? आई कोण तुझी?"

कॅमेरा गावाचा होता, म्हणजे कारभारी फेरेतीचा. दुकान दोनदा फुटल्यावर त्यानं तो ऑकलंडच्या मेव्हण्याकडून मागवला, दुकानासमोरच्या खांबावर बसवला आणि त्याचं चित्र दिसणारा पडदा ठेवला स्वतःच्या घरात, कडी असलेल्या खोलीत. दुकानाला लागूनच आजीचं घर. वर छप्पर, खाली चौदा खांब, भिंत एकही नाही.

म्हणून तर आजीनं कॅमेऱ्याची तक्रार केली तेव्हा सगळे हसले.

"आजी," फेरेती म्हणाला. तो नाकातून बोलतो, प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखा. "तुमच्या. घराला. भिंतच नाही. अख्खा रस्ता बघतो तुम्हाला. मग एवढ्याशा डबीचं काय घेऊन बसलात?"

"रस्ता बघत नाही, फेरेती. रस्ता मान वळवतो."

हे मात्र खरं. रोज चार वाजता आजी नवऱ्याला, लाफाएलेआजोबांना, घराच्या कडेच्या नळाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालते. लाफाएले गावाचे वक्ते. ते सभाघरात उभे राहिले की कोंबड्यासुद्धा गप्प व्हायच्या. तीन वर्षांपूर्वी झटक्यानं अर्धं अंग नेलं आणि आवाज अख्खा नेला. तेव्हापासून चार वाजता रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला समुद्रात काहीतरी बघण्यासारखं सापडतं. बसच्या ड्रायव्हरलाही. बस दोनदा खड्ड्यात गेली, पण त्याची मान इकडे वळली नाही. अगदी समोरूनच जावं लागलं, तर माणूस कमरेत वाकतो, हळूच "तुलोऊ" म्हणतो, म्हणजे माफी असावी, आणि पुढे होतो.

कॅमेरा वाकत नव्हता. एका सोमवारी फेरेतीची सून दुकानात खिदळत म्हणाली, "आजी गं, परवा आजोबांनी साबणच चावला की!"

लाफाएले ओट्यावरच बसले होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून नळाखाली बसले की ते चांगल्या हाताच्या मुठीत लुंगी आवळून धरत. आजीनं एकेक बोट सोडवायचं, त्यांनी पुन्हा आवळायचं.

"मग झावळ्यांचे पडदे सोडा ना," फेरेती म्हणाला. "पावसात सोडताच की."

"पाऊस थांबतो रे बाबा. तुझी डबी कधी थांबते? समुद्र बघणं तेवढं उरलंय त्यांचं, तेही बंद करू?"

मग आजीनं एकच मागितलं. कॅमेऱ्याचा पडदा सभाघरात आणायचा. सभाघरालाही भिंती नाहीत. "बघायचं तर चारचौघांत बसून बघ."

हे लिहिणारीला, म्हणजे मला, तिथंच पैजेची खुमखुमी आली. "आजी, पडद्याच्या काचेपुढे कुणी मान वळवत नाही. काचेची कसली लाज!"

"लाव पैज. हरलीस तर मी सांगेन ते करायचं."

फेरेती लगेच तयार झाला. त्याला पडदा मिरवायचाच होता. शुक्रवारी अकरा बुजुर्ग मांडी घालून खांबांना टेकले. चार वाजले. सभाघरासमोरच्या मैदानाच्या अलीकडे, घरापाशी, आजीनं नळ सोडला. तिथून तिला सभाघर आरपार दिसत होतं. आधी सगळी डोकी पडद्याकडे होती. पडद्यात दुकान, पाव, कुत्रं. मग कोपऱ्यात खुर्ची आली असणार, कारण डोकी एकदम थिजली.

फेरेती चित्र नीट करायला उठला. वायर पडद्याच्या पलीकडे होती. बुजुर्गांकडे पाठ करून तो चित्रासमोरून जाऊ लागला आणि त्याची कंबर आपोआप वाकली. "तुलोऊ," तो चित्राला म्हणाला. नाकातून नाही, चक्क तोंडातून. त्यानंतर आजीनं पाहिलं, अकराच्या अकरा माना समुद्राकडे वळल्या.

सगळ्यांत म्हातारा समुद्राकडे बघतच बोलला, "फेरेती, त्या यंत्राचं तोंड वळतं ना? मग वळव."

"वळले हो," आजी नवऱ्याच्या कानात म्हणाली. "सगळे वळले." लाफाएलेंनी मूठ उघडली.

कॅमेरा आता फक्त दुकानाचं दार बघतो.

आणि पैज? हे लिहिणारी शाळेच्या व्हरांड्यात लाफाएलेंच्या भाषणांची नक्कल करायची, हे आजीला कधीपासून माहीत होतं. आता रोज चार वाजता नळाकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून, आजोबांचं एक भाषण त्यांच्याच आवाजात म्हणायचं. चुकलं की मागून लाफाएले बादलीवर तांब्या आपटतात.

काल तो अकरा वेळा वाजला.