पासपोर्टावरचं कुंकू

ऑफिसची कागदपत्रं बघणारी लिंडा माझं नाव व्हिसाच्या लॉटरीत घालत होती आणि मी तिच्या टेबलासमोर उभा होतो. हे नाव आपलं आपल्याला घालता येत नाही, कंपनीनेच घालावं लागतं. माझी ही तिसरी आणि शेवटची खेप. या वेळीही नंबर लागला नाही तर इथला संसार आवरायचा. साध्या लॉटरीत तिकीट तरी आपल्या हाताने घेतलेलं असतं, हरल्यावर आपल्याच हाताला दोष देता येतो. इथे तेवढंही नाही.

लिंडाने पासपोर्टचा नंबर दोनदा ताडून पाहिला आणि बटण दाबलं. तेवढ्या वेळात तिचं अर्धं सँडविच खाऊन झालं होतं. मग पासपोर्ट मिटताना तिला वर लाल ठिपका दिसला. ओला टिश्यू घेऊन तिने तो अगदी मनापासून पुसला.

"काहीतरी सांडलं होतं," ती म्हणाली. "आता स्वच्छ झाला."

सकाळी बायकोने पासपोर्ट देवापुढे ठेवून लावलेलं कुंकू होतं ते. मी लिंडाला थँक यू म्हणालो.

घरी गेल्यावर बायको विचारेल, नीट झालं ना सगळं? मी हो म्हणेन, आणि पासपोर्ट तिच्या हाती न देता कपाटात ठेवेन.