वकिलाचा काळा कोट

इस्लामपुरात आमच्या नाटकाच्या तालमीला एक म्हातारे फोटोग्राफर आले होते. नाव कुणी विचारलं नाही, सगळे काकाच म्हणत. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, त्यात नाटकात वकील झालेलो, त्यामुळे काळ्या कोटाचा मला भारी अभिमान होता.

"वकीलसाहेब, ताठ उभं ऱ्हावा. पोरगी बघाय आलाय व्हय?" काका म्हणाले.

त्यांनी काढलेला फोटो मी पाहिला तर कोट वांग्यासारखा जांभळा. मी तसं काकांना सांगितलं.

"ह्या दिव्यांतनं डोळ्याला न दिसणारा उजेड बी येतो, इन्फ्रारेड. त्यो कॅमेऱ्यात शिरला की काळ्याचं जांभळं हुतं. थांबा, अडवतो त्याला."

पिशवीतून त्यांनी दोन सारख्या काचा काढल्या, एक साधी आणि एक तो उजेड अडवणारी, आणि उजेडात तिरक्या धरून पाहिल्या. एक निवडली, तोंडाची वाफ देऊन पुसली, लेन्सवर बसवली आणि पुन्हा फोटो काढला.

"आता झाला न्हवं काळा?"

"न्हाई काका, जांभळाच हाय."

"चेष्टा करू नगं गड्या. मला काळा दिसतोय."

मी उरलेली काच तिरकी धरली. तिच्यावर लालसर झाक होती. तसं सांगितल्यावर काका खुर्चीत बसले.

"त्या झाकेवरनंच खरी काच वळखायचो मी. एक डोळा ऑपरेशनात गेला. ह्यो उरलेला बी फसवाय लागला."

खरी काच मी बसवून दिली. पुढचा प्रत्येक फोटो ते माझ्यापुढे धरत आणि मी "काळा" म्हणालो की मान हलवत.

निघताना म्हणाले, "प्रयोगाला दुसरा कुणी फोटोवाला बगा. पण त्याला ही काच लावाय सांगा. वकिलाचा कोट काळाच दिसाय पायजे."