वशिंड असलेला डायनासोर

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शेषेराव डायनासोर काढायला शिकू लागले, त्यामागे कलेची ओढ वगैरे काही नव्हती. ते लोह्याच्या बैलबाजारातले दलाल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी जनावरांच्या जबड्यात हात घालून दात मोजले, खूर उचलून पाहिले, पाठीवरचे भोवरे तपासून शुभ-अशुभाचे निकाल दिले. पेन्सिल त्यांनी धरली होती ती चौथीपर्यंत, आणि तीही, मास्तरांच्या मते, कासरा धरावा तशी.

कारण होती सहा वर्षांची नात, ऋतुजा. ती लातूरला राहायची आणि तिला शेषेराव नको होते.

मुलगा, शिवशंकर, चार वर्षांपूर्वी नांदेडच्या रस्त्यावर अपघातात गेला. सून विशाखा तेव्हा सव्वीस वर्षांची, नात दोनची. शेषेरावांनी स्वतः व्याह्यांच्या घरी जाऊन सांगितलं, पोरीचं दुसरं लग्न करा. भावकीनं तोंडात बोटं घातली. काहींनी ती बरेच दिवस काढलीच नाहीत. विशाखाचं लग्न लातूरच्या दयानंदशी झालं. दयानंद एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. माणूस इतका चांगला निघाला, की वर्षभरात ऋतुजाला तोच आपला बाप वाटू लागला. खरं काय ते मोठी झाल्यावर सांगायचं, असं ठरलं. शेषेरावांनी मान हलवली. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांनी येऊन नातीला भेटून जावं, हेही ठरलं. कागद झाला नव्हता. त्यांच्या धंद्यात कशाचाच होत नाही.

घोटाळा झाला तो पहिल्याच भेटीत, आणि तो त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी केला. म्हणजे केला असं तरी कसं म्हणावं? घरात कुणी गेल्यानंतर दोन माणसं पहिल्यांदा समोरासमोर आली, की एकमेकांच्या गळ्यात पडून, हेल काढून, गेलेल्याचं नाव घेऊन रडायचं, ही तिकडची रीत. जी बाई असं रडत नाही, तिच्या काळजाविषयी गावात चौकशी होते. विशाखा पोरीला घेऊन माहेरी गेल्यापासून केवळाबाईंनी नातीसाठी हे रडणं दीड वर्ष राखून ठेवलं होतं. लातूरच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्याबरोबर त्या फरशीवर बसल्या, चार वर्षांच्या पोरीला छातीशी ओढलं आणि “माझ्या शिवशंकराऽऽ, तुझी लेक बघ रंऽऽ” असा गळा काढला. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. पोर किंचाळली, तिचा फ्रॉक ओला झाला, आणि पुढे तीन दिवस ताप उतरला नाही.

त्यानंतर केवळाबाई लातूरला गेल्या नाहीत. कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. त्यांनीच जायचं सोडलं. शेषेराव एकटे जाऊ लागले. ते आले की ऋतुजा आतल्या खोलीत जाऊन कडी लावी. लोह्याची माणसं म्हणजे धरून रडणारी माणसं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दोन वर्षं शेषेराव त्या बंद दाराशी बोलले, चहा प्यायले आणि एसटीनं परत आले. दाराचा रंग फिकट निळा होता. नातीपेक्षा त्यांना तोच नीट आठवायचा.

यंदा श्रावणात विशाखा म्हणाली, “मामा, राग मानू नका. तुम्ही येणार म्हटलं की ती आदल्या दिवसापासून जेवत नाही. दिवाळीपर्यंत बघू. न्हाईच जमलं तर थोडी मोठी झाल्यावर...”

मोठी म्हणजे किती, हे शेषेरावांनी विचारलं नाही. जनावराचं उरलेलं आयुष्य ते दातांवरून सांगत. स्वतःच्या तोंडात अकरा उरले होते.

“तिला काय आवडतं?” त्यांनी उठता उठता विचारलं.

“डायनासोर,” विशाखा म्हणाली. “दुसरं काहीच न्हाई.”

लोह्याला उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा एक चित्रकलेची वही आणि पेन्सिल घेतली. दुकानदारानं विचारलं, “कितवीला हाय पोरगं?”

“मलाच पायजे,” शेषेराव म्हणाले. दुकानदारानं पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या मुलाचं त्याला माहीत होतं, आणि अशा माणसाचं कशानं काय होईल सांगता येत नाही, हेही.

मोबाइलवर चित्र शिकवणारा एक हसतमुख तरुण होता. तो म्हणे, आधी एक अंडं काढा. त्याचं अंडं अंड्यासारखं येई. शेषेरावांचं अंडं रताळ्यासारखं येई. मग तो म्हणे, आता मजा घ्या! शेषेराव इथे मोबाइल बंद करून गोठ्यात जाऊन बसत, आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू करत. दिवाळीपर्यंत त्यांच्यासमोर भेटीचे तीनच रविवार होते आणि त्या तरुणाला कसली घाई नव्हती.

तीन शिंगांचा जो डायनासोर असतो, तो त्यांनी आधी धरला. शिंगं आपल्या ओळखीची, हा हिशेब. पंधरा दिवसांत वहीची वीस पानं गेली. एकविसाव्या पानावरचं जनावर उभं राहिलं, तेव्हा त्यांना स्वतःलाच धक्का बसला. ते पान घेऊन ते बाजारात गेले, ही चूक.

“आरं, शेषेराव काय घिऊन आलाय बघा!” मारोती ओरडला. तोही दलाल, आणि तीस वर्षांपासूनचा प्रतिस्पर्धी. पाच-सहा जण जमले. चित्र हातोहात फिरलं.

“दोनदाती हाय का चारदाती?”

“मागचे पाय फाकलेत. नांगराला चालायचं न्हाई हे.”

“तिसरं शिंग कशाला? दोनानं मारलेलं पुरत न्हाई का?”

“मारका हाय का, शेषेराव? खरं सांगा. गिऱ्हाइकाला फसवू नका.”

मारोतीनं मात्र चित्र लांब धरून, एक डोळा मिटून, धंद्यातल्या नजरेनं पाहिलं. “वशिंड झकास उतरलंय,” तो म्हणाला. “गळ्याची पोळी बी भारी. अस्सल लाल कंधारी जात.” शेषेरावांना बरं वाटलं. कौतुकात काय दोष असतो ते त्यांना रविवारी कळलं.

रविवारी त्यांनी चित्र निळ्या दाराखालून आत सरकवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग कागद परत बाहेर आला. त्यावर लाल स्केचपेननं, पहिलीच्या अक्षरात लिहिलं होतं: हा बैल आहे.

शेषेरावांनी चित्राकडे पाहिलं. खरंच बैल होता. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, पायांना खूर. उभा राहिला होता तोसुद्धा गिऱ्हाइकासमोर उभा करतात तसा. आयुष्यभर ज्या हातानं एकच जनावर चाचपलं, त्या हातातून दुसरं उतरायलाच तयार नव्हतं.

घरी केवळाबाईंनी कागद मागून घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंय?”

“बैल हाय म्हणते.”

“मग? हायच की.” त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. “हे तिच्या हातचं?” एवढंच विचारलं, आणि पदर तोंडात कोंबून आत गेल्या. रडण्याची त्यांनी आता ही रीत लावून घेतली होती.

पुढच्या महिन्याच्या रविवारी शेषेरावांनी लांब मानेचा नेला. वशिंड काढलं नव्हतं. काढायचं नाही, काढायचं नाही, असं म्हणत पाठ सपाट ठेवली होती. कागद दाराखालून गेला तो परत आला नाही. त्यांनी दीड तास वाट पाहिली. दयानंद शेजारी बसून लातूरच्या पाण्याविषयी बोलत राहिला, कारण बिचाऱ्याला दुसरा विषय सुचेना. शेवटी विशाखानं मागच्या गॅलरीतून खिडकीआड पाहिलं. ऋतुजा झोपली होती. कागद दाराशी तसाच पडला होता.

“मामा,” विशाखा जिन्यापर्यंत आली, “दिवाळीच्या आधी एकदा या. मग आपण...” शेषेराव म्हणाले, “हाव.” बसमध्ये अहमदपूर कधी आलं आणि गेलं, त्यांना कळलं नाही.

शेवटच्या खेपेला त्यांनी सगळ्यात अवघड धरला: दोन पायांवर उभा राहणारा, मोठ्या जबड्याचा, टी-रेक्स. जबड्याची काळजी नव्हती. पण दोन पायांवर जनावर उभं राहीना. काढलं की पुढे तोंडावर पडे. चार पायांच्या धंद्यातल्या माणसाचं दोन पायांपुढे काही चालत नव्हतं. एकदा त्यांनी वहीच भिंतीवर फेकली आणि मोठ्यानं म्हणाले, “न्हाई जमत मला! पोरगं गेलं, पोरगी बी जाऊ द्या!” गोठ्यातल्या दोन्ही बैलांनी माना वर केल्या.

केवळाबाईंनी वही उचलली, झटकली आणि पानाकडे पाहिलं. “कोंबड्यावाणी उभा राहत असंल,” त्या म्हणाल्या.

मग दुपारभर केवळाबाईंनी कोंबडा धरून ठेवला आणि शेषेरावांनी त्याचे पाय काढले. कोंबडा टोचत होता, केवळाबाई सोडत नव्हत्या. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, “पावना यायचाय का?” त्या म्हणाल्या, “न्हाई. चित्र चाललंय.” शेजारीण गेली ती लगबगीनं, बातमी पोचवायची होती. संध्याकाळपर्यंत डायनासोर उभा राहिला. पुढे झुकलेला, शेपूट मागे, तोल बरोबर.

त्या रविवारी शेषेरावांनी कागद सरकवला आणि दाराशीच जमिनीवर बसले. आतून पावलं आली. कागद उचलल्याचा आवाज आला. मग कडी वाजली आणि दार वीतभर उघडलं. फटीत एक डोळा आणि अर्धी वेणी दिसली.

“हात चुकलाय,” ती म्हणाली.

शेषेराव हलले नाहीत. बुजरं वासरू जवळ आलं की हलायचं नसतं.

“कसा?”

“पाच बोटं काढलीत. टी-रेक्सला दोनच असतात.”

“दोनच? मग त्यो खातो कसा?”

“तोंडानं!” एवढंही न कळणाऱ्या माणसाची तिला कीव आली असावी. दार आणखी उघडलं. ती बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसली, त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि बोटं मिटू लागली. अंगठा मिटला, करंगळी मिटली, मधलं एक जोर लावून मिटलं. “आता बघा. ही एवढीच.” आणि उरलेली दोन बोटं मुठीत घट्ट धरून दाखवली.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा होतो. कुणी किती बोटं धरली ते जगाला दिसत नाही. हजारो माणसांनी शेषेरावांची बोटं अशी धरली होती, आणि एकालाही त्यांच्या चेहऱ्यावरून आतलं काही कळलं नव्हतं. आज रुमाल नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

“तुम्ही कुणाचे आबा आहात?” ऋतुजानं विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात विशाखा चहाचे कप घेऊन उभी होती. दयानंद पेपर वाचायचा थांबला. उत्तर शेषेरावांच्या जिभेवर होतं. दोन वर्षं दुसरं काही तिथे नव्हतंच. त्यांनी विशाखाकडे पाहिलं, मग पोरीकडे.

“कुणाचा न्हाई,” ते म्हणाले. “मी चित्रं शिकून राहिलो.”

“कोण शिकवतं?”

“कुणीच न्हाई.”

ऋतुजानं चित्राकडे पाहिलं. ही गोष्ट दिसतच होती. तिनं थोडा विचार केला.

“मी शिकवते,” ती म्हणाली. “पण रडायचं नाही.”

“न्हाई रडत.”

“मध्येच मला धरायचं नाही.”

“न्हाई धरत.”

तिनं त्यांची बोटं सोडली आणि आतून लाल स्केचपेन आणलं. अर्धा तास शिकवणी चालली. गुरू कडक होता. निघताना दयानंद जिना उतरून कोपऱ्यापर्यंत आला. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार कितव्या तारखेला येतो, ते त्यानं स्वतःहून सांगितलं. विशाखा वर गॅलरीत उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि चटकन काढला, पोर बघेल म्हणून.

लोह्याला घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. केवळाबाई दारातच उभ्या होत्या.

“वळखलं का पोरीनं?”

“न्हाई,” शेषेराव म्हणाले. चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायले. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. “अभ्यास दिलाय. दहा हात काढून न्यायचेत. दोन-दोन बोटांचे.”

केवळाबाईंनी त्या कागदाकडे पाहिलं. कागदाला ओला हात लागू नये म्हणून पदरानं हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल उचलली.

“पाच मला द्या,” त्या म्हणाल्या.