मामाचा भात सयामला गेला होता

वैनगंगेच्या काठावरून निघून, समुद्रापलीकडच्या खानावळीत स्वतःचा तांदूळ काखोटीला मारून जेवायला गेलेला माणूस उभ्या जगात एकच झाला असेल, आणि तो माझा सख्खा मामा होता याचा मला आजही माज आहे. सावली गावाजवळच्या आमच्या आजोळी मामाचं धान असं काही पिकायचं की नव्या तांदळाचा भात चुलीवर चढला की वास चार घरं ओलांडून जायचा. मामाला दुसऱ्या कोणाचा भात भात वाटतच नसे. मी नागपूरच्या खानावळीतला भात वर्णन करून सांगितला तेव्हा तो म्हणाला, "तो भात नाई बाप्पा, ते नुसतं पांढरं आहे." पोळीबद्दलही त्याचं मत ठाम होतं. "पोळी खाऊन मानूस उठते. भात खाऊन बसते. अन् बसल्याबिगर इचार होत नाई."

त्यामुळे गावाला जाताना शिधा बरोबर न्यायचा आणि जिथे उतरू तिथल्या बाईच्या हाती द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत मामाने इतकी अंगी लावून घेतली होती की लग्नाच्या पंगतीलाही तो तांदळाची पिशवी घेऊन जायचा. माझ्या बहिणीच्या सासरी, चामोर्शीला, पहिल्याच जेवणाला त्याने पिशवी पुढे केली. व्याह्यांचा चेहरा उतरला. "आमच्या घरी तांदूळ नाई काय, भाऊ?" मामा शांतपणे म्हणाला, "हाय न. पन तुमचा पावन्यापुरता हाय, हा जेवाले हाय." आईने पदर डोळ्यांवर ओढला, बहीण रडायच्या बेतात आली. पण भात शिजला आणि व्याह्यांनी मागून घेतला. पुढे दरवर्षी सुगी झाली की त्यांची बैलबंडी तांदूळ न्यायला मामाच्या दारात उभी असे. मामाची ही मिजास खपून जायची याचं दुसरंही कारण होतं. हा माणूस खोटं बोलत नसे. बाजारात गिऱ्हाइकाला स्वतःच्याच बैलाची खोड आधी सांगायचा आणि मग बैल घरी परत आणायचा.

अशा मामाला सरकारने सयामला पाठवलं! थायलंडला तेव्हा आमच्याकडे सगळे सयामच म्हणायचे. धान पिकवणाऱ्या काही शेतकऱ्यांना तिथली शेती दाखवायची होती, आणि चांद्याच्या प्रदर्शनात मामाच्या धानाचा पहिला नंबर आला होता. निघायच्या आदल्या दिवशी अख्खं गाव मारुतीच्या पारावर जमलं. गावचा म्हातारा पाटील म्हणाला, "सयामच्या भाताचं मोठं नाव हाय म्हनते. खाऊन पाय, अन् कोनाचा सरस ते खरं सांग." मामाने मारुतीच्या पायावर हात ठेवून कबूल केलं. मामीला मात्र वेगळाच घोर लागला. आयुष्यभर ज्या भाताच्या जिवावर हा माणूस मान वर करून चालला, तोच उणा निघाला तर? खोटं तो बोलणार नाही, आणि खरं बोलला तर गावात तोंड कुठे दाखवणार? तिने तांदूळ निवडला, पाखडला, पुन्हा निवडला आणि नव्या पिशवीत बांधून दिला.

बँकॉकमध्ये दुभाषा त्यांना कालव्याकाठच्या एका खानावळीत बसवून कुठेसा निघून गेला. खानावळ चालवणारी बाई मामीच्याच वयाची. मामा रीतीप्रमाणे उठला आणि पिशवी तिच्या हाती दिली. तिथे अशी रीत नाही हे त्याला कोण सांगणार? बाईला वाटलं, पाहुण्याने भेट आणली. तिने दोन्ही हात जोडून पिशवी घेतली, आत गेली, आणि आधी तिचं जेवण समोर आलं. आंबट-तिखट रस्सा, आणि त्यात चक्क वास्ते, आपले बांबूचे कोवळे कोंब! बरोबरच्या शहरी साहेबांनी नाकाला रुमाल लावले. मामाला माहेर भेटलं. मग त्याने भाताचा पहिला घास घेतला आणि त्याचा हात थांबला. मोगरा फुलल्यासारखा वास होता, तो सांगायचा. त्याने दुसऱ्यांदा घेतला.

इतक्यात बाई मामाचा भात शिजवून घेऊन आली. सगळ्यांना थोडाथोडा वाढला आणि उरलेल्यातला तिने उभ्याउभ्या चाखला. मग ती खाली बसली. रस्सा नाही, काही नाही, नुसता भात तिने दुसऱ्यांदा घेतला. उरला तो केळीच्या पानात बांधून बाजूला ठेवला, घरच्या कोणासाठी असेल. "तिची भाषा मले येत नाई, माही तिले येत नाई," मामा म्हणायचा. "ती माहा खाऊन राह्यली, मी तिचा खाऊन राह्यलो. दोघंही गप."

परत आला त्या संध्याकाळी पारावर पुन्हा गाव जमलं. मी सुट्टीत तिथेच होतो. बायका बाजूला उभ्या होत्या, त्यांत मामीही. पाटलाने विचारलं, "सांग भाऊ, कोनाचा सरस?" मामाने मारुतीकडे पाहिलं. "तिचा," तो म्हणाला. मामीने मान खाली घातली. "पन हे मी सांगून राह्यलो," मामा पुढे म्हणाला. "तिले इचाराल त ती माहा सांगन. आमच्या घरच्या बाईनं निवडलेला भात तिनं नुसताच, दुसऱ्यांदा घेतला. आपल्या तोंडानं आपलं म्हनन्यात काय हाय? दुसऱ्यानं म्हनावं." उभ्या जन्मात त्याने मामीचं नाव चारचौघांत काढलं ते तेवढंच, आणि तेही नाव न घेता. मामीची मान वर आली. त्या दिवशी मामा मला जेवढा उंच दिसला तेवढा कधीच दिसला नाही.

पिशवी पुढेही त्याच्या काखोटीला असायची, पण आता तो ती जिथे जाई तिथल्या बाईला देऊन टाकी आणि स्वतः त्यांचा भात मागून खाई. आणि नवं धान आलं की पहिल्या भाताचा एक घास देवाला ठेवून झाल्यावर तो दुसरा घास पानावर काढी. "हा त्या बाईचा."

मामा गेल्यानंतरच्या सुगीला मी आजोळी होतो. मामीने नवा भात केला. देवाचा घास ठेवला, मामाचा ठेवला, आणि हात थबकला. मला वाटलं आता ती रडणार. तिने तिसरा घास काढला, पान नीट सरळ केलं आणि मला म्हणाली, "तिनं दुसऱ्यांदा घेतला होता, बाबू. माह्या हातचा."