आतोबांनी वाचवलेला सिनेमा

लढाईच्या वर्षांत कर्जत तालुक्यात जेवढे म्हणून खून झाले, तेवढे सगळे माझ्या आत्याच्या यजमानांनी एकट्याने केले. गैरसमज नको, खून तोंडी होते. कडावला आतोबांची भाताची गिरणी होती. मुंबईत नवा रहस्यपट लागला की गिरणीला कुलूप घालून ते तो पाहून येत आणि दुसऱ्या दिवशी भात भरडायला आलेल्यांना सांगत. सांगत कसले, करून दाखवत. पोलिसांच्या बुटांपासून बाईच्या किंकाळीपर्यंत सगळे एकाच घशातून. एकदा त्या किंकाळीने बाहेरचे बैल बुजले ते गाडीसकट पोशीरला जाऊन थांबले. खुनाची वेळ आली की ते इंजिन बंद करत, एक शब्द वाया जाता कामा नये म्हणून. निम्मा तालुका त्या काळी अर्धवट भरडलेला तांदूळ मुकाट्याने शिजवून खात असे. खुनी कोण ते मात्र आतोबा कधीच सांगत नसत. "ते तंबूत बघा," एवढेच म्हणत. कारण सुगी संपली की तेच सिनेमे घेऊन कर्जतला तंबू येई.

या रहस्यपटांच्या एका दिग्दर्शकावर त्यांची अशी भक्ती की वर्तमानपत्रातून कापलेला त्याचा फोटो गिरणीत गणपतीशेजारी लावलेला. दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली की उरलेले कुंकू फोटोला. त्याच्या कपाळावर इतकी वर्षे कुंकू साचले होते की चेहरा ओळखणे हेच एक रहस्य होऊन बसले होते.

त्या दिग्दर्शकाचा नववा सिनेमा पाहायला त्यांनी मलाही नेले. दुसऱ्याच रिळात मुनिमाने सगळ्यांदेखत छत्रीत सुरा लपवला आणि पुढचे दोन तास अख्खे पोलीसखाते त्याच छत्रीखाली उभे राहून खुनी शोधत होते. परतल्यावर आतोबांनी कुलूप काढलेच नाही. दोन दिवस गिरणी बंद. तिसऱ्या दिवशी त्यांनी सिनेमा सांगितला, पण तो आम्ही पाहिलेला नव्हेच. छत्री गायब. मूळ सिनेमात एक पुडी देऊन निघून जाणारा वैद्य इथे असा काही गोड बोलत होता की माझ्याच अंगावर काटा आला. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी खुनीही सांगून टाकला: वैद्य. हेतू हा की आता तंबूत कुणी जाणार नाही आणि दिग्दर्शकाची अब्रू झाकली जाईल.

झाले उलटे. असला वैद्य डोळ्यांनी पाहायचा म्हणून तिप्पट बैलगाड्या लोटल्या. पडद्यावर मुनिमाला बेड्या पडल्या तशी पोशीरची ठकूबाई उठून उभी राहिली. "अरं, सोडा त्याला. गरिबानं काय नाय केला. खून वैद्यानं केलाय." तंबूवाल्याने मधली रिळे गाळली असा सगळ्यांनी गिल्ला केला. तो बिचारा शपथा घेत होता. शेवटी ठकूबाई आतोबांकडे वळली. "शेट, तुमी सांगा. मुंबईला कुणी केलावता?"

आतोबांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग शांतपणे म्हणाले, "मुंबईला वैद्यानंच केला होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तंबूवाल्याच्या बिऱ्हाडी आंबेमोहोराचे पोते पोचवले, हे कुणाला कळले नाही. मी मात्र गिरणीत फोटोकडे बोट दाखवून विचारलेच. ते म्हणाले, "आठ खून झकास करून दाखवले त्यानं. नववा फसला म्हणून काय भिंतीवरून उतरवायचा?"

पुढे आतोबा थकले. गोष्टी सांगत, पण पहिल्याच वाक्यात "तो डॉक्टर, म्हणजे खुनीच तो," असे निसटून जाई. इंजिन मात्र वेळेवर बंद करत. एका सकाळी भाताच्या पाटीला टेकून ठकूबाई ऐकत बसली होती. केस तिचेही आता कापसासारखे झालेले. खुनी तिला केव्हाच कळला होता, आम्हा सगळ्यांनाच कळला होता. गोष्ट संपली तशी तिने हळूच विचारले, "मंग शेट, खून केला तरी कुणी?"

आतोबांचा चेहरा उजळला. तंबू येणे बंद होऊन तोवर कितीतरी सुग्या लोटल्या होत्या.

"ते तंबूत बघ गं," ते म्हणाले, आणि इंजिन सुरू करायला उठले.