पोस्ट थ्री : मागचे फाटक

शनिवारी दुपारी १४०० वाजता गॉलवे या आयरिश गावातील एका कम्युनिटी हॉलमध्ये मला पोस्ट नंबर तीन नेमून देण्यात आली. मागचे फाटक, स्वयंपाकघराचे दार आणि या दोहोंमधील कचऱ्याच्या डब्यांची रांग एवढी माझी हद्द होती. तेव्हा माझे वय अडुसष्ट होते.

सैन्यातील आठवणी लिहा, असे मला पुष्कळजण सुचवतात. मी ही एकच लिहितो आणि ती निवृत्तीनंतरची आहे. कारण असे की सव्वीस वर्षांच्या सेवेत मला कोणी पोस्ट दिली नव्हती. मी सुभेदार या हुद्द्यावरून निवृत्त झालो, पण मी पलटणीचा धर्मगुरू होतो. कृष्णाकाठच्या पाठशाळेत शास्त्री होऊन मी थेट पायदळात गेलो. मंदिर परेड, रंगरुटांची शपथ आणि वीरगती मिळालेल्या जवानांचे अंत्यसंस्कार ही माझी ड्यूटी. जवान मला पंडितजी म्हणत आणि पाया पडत. परंतु जवान गस्तीला निघाले की मी मंदिरात राहत असे. ते परतल्यावर त्यांच्या बुटांवरचा चिखल पाहून माझ्या मनात जे उठत असे त्याला शास्त्रात मत्सर म्हणतात. सहा रिपूंमधील तो शेवटचा. इतर पाचांशी मी बऱ्यापैकी लढलो.

माझी मुलगी अनघा येथील सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. पत्नी गेल्यावर मी तिच्याकडे राहावयास आलो. त्या वसंतात गावातील हवा बिघडली होती. अनघाच्या वॉर्डातील एका केरळी नर्सला बसथांब्यावर दोघांनी मारले आणि तुझ्या देशात चालती हो, असे सांगितले. तिचा जबडा मोडला. त्याच सुमारास स्थानिक निवडणुका जवळ आल्या होत्या. या देशात नागरिकत्व नसले तरी येथे राहणाऱ्याला स्थानिक निवडणुकीत मत देता येते. आमच्यातील निम्म्यांना ते ठाऊक नव्हते. तेव्हा मराठी मंडळाने केरळी, नायजेरियन आणि ब्राझिलियन मंडळींना सोबत घेऊन मतदार नोंदणीचा कार्यक्रम ठरवला. दोन दिवसांत कोणीतरी हॉलचा पत्ता इंटरनेटवर टाकला. आपली मते पळवली जात आहेत, शनिवारी जमा, असा मजकूर होता. पोलिसांनी सांगितले की गाडी फेऱ्या मारील, पण तुमचे स्वतःचे स्टुअर्ड, म्हणजे बंदोबस्ताचे स्वयंसेवक, नेमा.

सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे येईल असे मी गृहीत धरले आणि बूट पॉलिश केले. ती डेक्लन मॅनियन यांच्याकडे गेली.

डेक्लन आमचे शेजारी. आयरिश सैन्यातील निवृत्त कंपनी सार्जंट, वय एकाहत्तर, एका गुडघ्यात धातूचा सांधा. तरुणपणी त्यांनी आपल्या देशाच्या उत्तर सीमेवर, तेथील यादवीच्या काळात, नोकरी केली होती. तेथे शेजारी शेजाऱ्याचे आडनाव ऐकून त्याचा पक्ष ओळखत असे आणि कधीकधी गोळीही घालत असे. पुढे ते शांतिसेनेबरोबर दोनदा लेबनॉनला गेले. तेथे शेजारच्या हद्दीत भारतीय पलटण होती. म्हणून सुभेदार हा शब्द त्यांना अचूक उच्चारता येई. "तुमचे पंडितजी पहाटे घंटा वाजवत," ते मला म्हणाले होते. "आम्ही त्यावर घड्याळ लावत असू." ते कौतुकाने बोलले होते. मी त्यातून एवढेच घेतले की या गृहस्थाच्या लेखी मी घंटा वाजवणारा आहे.

अनघाच्या घरी बॉयलर बंद पडला की डेक्लन येत. नर्सला मारले त्या संध्याकाळी अनघाने रुग्णालयातून पहिला फोन त्यांना केला, दुसरा मला.

"बाबा, डेक्लननी हे सगळं आयुष्यभर केलंय," ती मला समजावत होती.

"आणि मी काय केलं आयुष्यभर?"

ती उठली. "चहा टाकते," म्हणाली.

ब्रीफिंगला आम्ही आठ स्टुअर्ड होतो. डेक्लननी फळ्यावर नकाशा काढला होता. त्यांचे आदेश तीन होते. कोणाला हात लावायचा नाही, कोणाला उत्तर द्यायचे नाही, पोस्ट सोडायची नाही. मग त्यांनी एकेक नाव घेतले. "पोस्ट थ्री, सुभेदार."

मंडळाचा निखिल हा तरुण जीभ आवरणारा नव्हे. "काका, अभिनंदन! बिन्सचे कमांडिंग ऑफिसर!"

सगळे हसले. मीही हसलो. डेक्लन त्यानंतर पोस्ट थ्रीविषयी आणखी दोन वाक्ये बोलले. मी ती ऐकली नाहीत. मी त्यांच्या ताठ पाठीकडे पाहत होतो.

१५०० वाजता हॉल उघडला. लोक येऊ लागले. स्त्रिया अधिक, बऱ्याच जणींबरोबर बाबागाड्या. अनघा आत फॉर्म भरून देत होती. १५३० पर्यंत समोरच्या रस्त्यावर चाळीसेक माणसे जमली. त्यांच्याकडे झेंडे आणि एक भोंगा होता. माझ्या हद्दीत शांतता होती. तेवढ्यात पोस्ट वनवरून, म्हणजे पुढच्या दारावरून, रेडिओवर डेक्लनचा आवाज आला.

"थ्री, धिस इज वन. मागे काय दिसतंय? ओव्हर."

"वन, थ्री. एक मांजर. ओव्हर."

"मांजर नोंदवलं. ग्रँड. आउट."

रेडिओचे बटण डेक्लनच्या हातून मधूनमधून दाबलेले राहत असे. त्यामुळे पुढच्या दाराशी चाललेले बोलणे मला ऐकू येई. एकदा ते गर्दीतील कोणाला तरी म्हणाले, "जेरी, आईला सांगून आलास का रे?" गर्दीतूनच हशा उठला. त्यांच्यावर चाल करून आलेली माणसे त्यांच्या विनोदाला हसत होती. एका वृत्तपत्राची छायाचित्रकार पुढे आल्याचेही कळले. निखिल पुढेच होता. तो कोणाला तरी सांगत होता की आमच्याकडे एक खरा सोल्जर आहे. तो खरा हा शब्द माझ्या कानात राहिला.

१६०५. "ऑल पोस्ट्स, धिस इज वन. गर्दी पातळ होते आहे. कुठे जाते ते पाहा. कोणी हलू नका. थ्री, ॲक्नॉलेज."

"थ्री. रॉजर."

१६१० वाजता मी पोस्ट सोडली.

त्या क्षणी मी मनाला सांगितले की पुढे माझी आवश्यकता आहे, वयस्क माणसाचा शब्द लोक मानतात, मागे तर काहीच घडत नाही. हे सर्व खोटे होते. मला आयुष्यात एकदा पुढच्या रांगेत दिसायचे होते. फाटकाला कडी होती, कुलूप नव्हते. मी कडी घातली, हॉलच्या बाजूच्या बोळातून चालत गेलो आणि डेक्लनच्या उजव्या हाताला जाऊन सावधानमध्ये उभा राहिलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मागे कोण आहे?"

त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. रेडिओवर म्हणाले, "फोर, पुढची बाजू तुझी," आणि धावत सुटले. एकाहत्तर वर्षांचा, धातूच्या गुडघ्याचा माणूस त्या बोळातून धावला. मी मागून धावलो आणि त्यांना गाठू शकलो नाही.

समोरची गर्दी पातळ झाली ती घरी जाण्यासाठी नव्हे. तीन माणसे मागच्या रस्त्याने येऊन कडी काढून आत शिरली होती. एकाच्या हातात झेंड्याची काठी होती. स्वयंपाकघराचे दार उघडे होते आणि त्यात अनघा उभी होती. तिच्या मागे बाबागाड्या घेतलेल्या स्त्रियांची रांग होती. पुढे गोंधळ वाढला तर स्त्रियांना आणि मुलांना मागच्या फाटकाने बाहेर काढायचे. म्हणून त्या फाटकावर सर्वांत शिस्तीचा माणूस हवा. मी न ऐकलेली दोन वाक्ये ती हीच. मला हे निखिलने नंतर सांगितले आणि सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

डेक्लन त्या तिघांच्या मधून दारापर्यंत पोहोचले. अनघाला म्हणाले, "आतून कडी," आणि दार आपल्यामागे ओढून घेतले. मग दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले. त्यांनी कोणावर हात उचलला नाही. काठीचा एक फटका खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. मग दोघांनी त्यांना खेचले आणि ते सिमेंटच्या पायरीवर कुशीवर पडले. मी तेव्हा पोहोचलो आणि त्यांच्या पुढे उभा राहिलो. १६१९ वाजता पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. तिघे कुंपणावरून पळाले. आतल्या कोणालाही ओरखडा उठला नाही.

मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. पायरीवर पडलेल्या त्या माणसाकडे पाहताना माझ्या मनात आले की हेही यांनाच मिळाले. हे वाक्य लिहू नये असे पुष्कळ वाटले. तरी लिहितो, कारण ते घडले.

दोघे पुढे पकडले गेले. खटला चालू असल्यामुळे त्यांच्याविषयी लिहीत नाही.

डेक्लनच्या खुब्याचे हाड मोडले होते. चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेलो. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो.

"बसा, सुभेदार. उभे राहून वॉर्डाची शोभा घालवू नका."

उशाशी त्यांनी पोलिसांना पाठवलेल्या अहवालाची प्रत होती. अहवाल त्यांनी तोंडी सांगितला होता आणि अनघाने लिहून घेतला होता. मी तो वाचला. १६१० : पोस्ट थ्रीवरील सुभेदारांना माझ्या आदेशाने पुढे घेतले. मागची जबाबदारी माझी.

"हे खरे नाही," मी म्हणालो.

"इन्चार्ज मी होतो. पोस्ट माझी."

"मी ऑर्डर मोडली."

"मोडलीत."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"भयंकर रागावलोय. बरा झालो की शिव्या देईन. आता श्वास पुरत नाही."

मी म्हणालो, "मला तुमचा मत्सर वाटला होता. अजून वाटतो."

"कशाचा? गुडघ्याचा? घेऊन जा." मग डोळे मिटून म्हणाले, "अहवाल गेलाय, सुभेदार. उरलेलं तुम्ही पाहा."

मी पाहिले नाही. माझा दोष झाकला गेला होता आणि तो त्यांच्या औदार्याने झाकला गेला होता. या दोन गोष्टींपैकी कोणती मला अधिक असह्य झाली ते मी सांगू शकत नाही. पोलिसांनी मला जबाब विचारला तेव्हा मी अहवालाप्रमाणे सांगितले. एकोणिसाव्या दिवशी न्यूमोनियाने डेक्लन गेले. शवपेटीवर त्यांच्या देशाचा ध्वज होता.

येथे मृत्यूला महिना झाला की चर्चमध्ये प्रार्थना करतात. त्याला मंथ्स माइंड म्हणतात. आपल्या मासिक श्राद्धाशी त्याचे साम्य मला ठाऊक होते, म्हणून मी स्नान करून, उपाशी गेलो. डेक्लनच्या पत्नी बर्नी यांनी मला चार शब्द बोलण्यास सांगितले. चर्च भरले होते. जबडा जुळलेली ती नर्सही आली होती. मी भाषण लिहून नेले होते. त्यात पराक्रम, कर्तव्य असे शब्द होते. पहिल्या बाकावर बर्नी माझ्याकडे पाहत होत्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

"सोळा दहाला मला कोणीही हलवले नव्हते," मी म्हणालो. "अहवालातील ते वाक्य डेक्लन यांचे सौजन्य आहे. मागचे फाटक माझे होते. पुढे उभे राहण्याच्या हव्यासाने मी ते सोडले. माझ्या जागी ते पडले."

मी सॅल्यूट केला आणि खाली बसलो.

दाराशी बर्नीनी माझा हात धरला. "त्यांनी मला पहिल्याच रात्री सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी वाट पाहत होते." त्यांनी क्षमा हा शब्द उच्चारला नाही आणि मीही मागितली नाही. चर्चमधून मी पोलीस ठाण्यात गेलो आणि जबाब दुरुस्त करून दिला.

परतताना गाडी अनघा चालवत होती. रस्त्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "त्या दारात मी होते, बाबा."

"हो."

त्या दिवसापासून आम्ही दोघे एकमेकांशी जपून बोलतो.

भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात मी गॉलवेच्या खाडीवर तर्पणाला गेलो. आई, वडील, पत्नी, गुरू यांची नावे झाली. मग मी ज्यांना अग्नी दिला त्या सर्व जवानांची नावे मी रँकसह घेतो, तशी घेतली. शेवटी मित्र म्हणून आणखी एक ओंजळ सोडायची होती. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप गोत्र म्हणावे, असा शास्त्राचा संकेत आहे. त्यामुळे गोत्राची अडचण नव्हती. उपपदापाशी मात्र मी थांबलो. विप्राच्या नावापुढे शर्मन् लावतात, योद्ध्याच्या नावापुढे वर्मन्. वर्मन् म्हणजे कवच. माझ्या नावापुढे ते कोणी कधी लावणार नाही. मी हयातभर ज्याचा हेवा केला ते मला माझ्याच मुखाने दुसऱ्याला द्यायचे होते.

वारा समोरून येत होता. मी दक्षिणेकडे तोंड केले आणि पाण्यात तीळ सोडले.

काश्यपगोत्रं डेक्लनवर्माणं तर्पयामि.

कंपनी सार्जंट डेक्लन मॅनियन. पोस्ट थ्री.