सासू-आईच्या जागी तीन शून्यं

"आधी वाचू, मग बोलू," असं म्हणत ताई चिप हातात घ्यायच्या आणि सगळ्यात आधी तिच्या पाठीवर अंगठा ठेवायच्या. जुन्या चिपांच्या पाठीवर काचेची एक छोटीशी खिडकी असते. तिच्यावरची चिकटपट्टी निघाली आणि ऊन लागत राहिलं, की आत लिहिलेलं हळूहळू उडून जातं. आमच्या वर्कशॉपचं शटर दिवसभर उघडं आणि ऊन थेट टेबलावर. डोळे आलेल्या मुलाला बाहेर नेताना आई त्याच्या कपाळावर हात धरते, तसा ताईंचा अंगठा त्या खिडकीवर असायचा.

तुम्ही भोसरीच्या एमआयडीसीत कधी फिरला असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल. चाकणला रोबो वेल्डिंग करतात, आणि त्या रोबोंना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आमच्यासारख्यांकडे अशा मशीनवर निघतात, जी ऑपरेटरपेक्षा वयाने मोठी आहेत. मशीनच्या पॅनेलमध्ये एक सर्किटचं कार्ड, कार्डावर आठ बिटांचा जुना प्रोसेसर आणि शेजारी ती खिडकीवाली चिप. प्रोसेसर बिचारा नुसता राबणारा. काय करायचं, कधी थांबायचं, ते सगळं चिपमध्ये लिहिलेलं. कार्ड बनवणारी कंपनी बंद झालेली, लिहिणारा कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि कागद तर बहुतेक कधी नव्हतेच. अशी चिप बिघडली की आम्ही मेंटेनन्सवाले एकमेकांना एकच फोन नंबर द्यायचो, तो ताईंचा.

साठी ओलांडलेल्या बाई, मूळच्या जळगावकडच्या. स्कूटीवरून यायच्या, पाठीला शाळेचं दप्तर. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या शेठनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या कोण, विमावाल्या का?" मीही मनात तेच म्हणत होतो, पण तोंड गंभीर ठेवलं. ताईंनी दप्तरातून लॅपटॉप काढला, चिप वाचायची तळहाताएवढी डबी काढली, एक लाकडी पेटी काढली, आणि चहा नको म्हणाल्या. तेव्हा शेठना जरा विश्वास वाटला.

चिप वाचली की समोर येतात ते फक्त आकडे, पानंच्या पानं. त्यात नऊनंतर दहा येत नाही, ए येतो, मग बी, सी, डी, ई, एफ. ताई ते आकडे मोठ्याने वाचायच्या, आणि इथे आमच्या पोरांची करमणूक सुरू व्हायची. कारण ताई वाचायच्या ते असं: "दीर-बाबा, शून्य-एक. इहीण-सहा, शून्य-एक. सासू-आई." पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, बाई सासरच्यांच्या नावाने बोटं मोडतायत.

त्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. तरुणपणी त्या इथल्याच एका कार्ड बनवणाऱ्या कंपनीत होत्या. एकीने कागदावरचे आकडे वाचायचे आणि दुसरीने ते बटणांनी चिपमध्ये भरायचे, असं काम. आजूबाजूला एवढा आवाज, की बी, सी, डी, ई सगळे सारखेच ऐकू यायचे. मग तिथल्या पाच जणींनी मिळून अक्षरांना नावं ठेवली. ए म्हणजे आई, बी म्हणजे बाबा, सी सासू, डी दीर, ई इहीण, म्हणजे आपली विहीणच, आणि एफ फुई. फुई म्हणजे आत्या, ती खानदेशातून आली, हे ताई अभिमानाने सांगायच्या. "सासू-दीर आले की मशीनने पुढच्या कामाला जायचं, सासू-नऊ आले की परत यायचं. आमच्या घरी पण तसंच होतं," म्हणायच्या.

आकड्यांवरून त्यांना लिहिणारा माणूस दिसायचा, ही त्यांची खरी कला. तळेगावच्या एका कारखान्यात भट्टीची चिप वाचताना म्हणाल्या, "हा फार घाबरट होता हो. एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारतो." आमच्याच एका जुन्या ग्राइंडरबद्दल म्हणाल्या, "हा एकुलता एक असणार. कुणाला काही काम सांगत नाही, सगळं स्वतःच करत बसतो." मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते निदान होतं.

आता आमच्या मोठ्या प्रेसची गोष्ट. वरून जड साचा येतो, खालच्या पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. मध्ये हात सापडला तर तो हात गेला. म्हणून अशा प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय साचा खाली यायचा नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेरच असणार. आमच्या प्रेसचं डावं बटण मात्र कधीच चालत नव्हतं. मी नोकरीला लागलो तेव्हापासून त्यावर ऑपरेटर टोपी अडकवायचे. बटण खराब आहे, एवढंच सगळे म्हणायचे, आणि मेंटेनन्सचा माणूस असून मीही तेच म्हणायचो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण नऊ वर्षं मला ते बटण उघडून बघावंसं वाटलं नाही.

मग तो प्रेस मधेच अडकायला लागला. जुनी चिप विसरायला लागली होती. दुसऱ्या दिवशी चाकणची गाडी भरायची होती, म्हणून ताईंना सकाळीच बोलावलं.

त्यांनी चिप सात वेळा वाचली, सातही वाचनं एकमेकांशी ताडून पाहिली आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. "दीर-बाबा, शून्य-एक. इहीण-सहा, शून्य-एक. सासू-आई." हे उजवं बटण. दाबलेलं नसेल तर सासू आणि आई मिळून मशीनला सांगतात, मागे फिर. पुढे डाव्या बटणाची तशीच ओळ सुरू झाली, आणि जिथे सासू-आई यायला हवी तिथे ताई थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शून्य-शून्य. शून्य-शून्य. शून्य-शून्य."

"भाऊ, डावं बटण चालतं का?"

"नाही. खराब आहे."

"बटण चांगलं आहे. चिप त्याला विचारते, पण उत्तर ऐकत नाही."

त्यांनी आमची चिप लाकडी पेटीत ठेवली आणि पेटीचं बटण दाबलं. आत पाण्याच्या फिल्टरमधला जांभळा दिवा होता. झाकणाच्या फटीतून उजेड दिसायला लागला. चिप पुसायला वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत त्यांनी मला जे सांगितलं, ते मी कधी विसरणार नाही.

"ही शून्यं मी भरलीत," त्या म्हणाल्या. "आमच्याच कंपनीचं कार्ड आहे. गिऱ्हाइकं तक्रार करायची, दोन बटणांनी काम हळू होतं. मग साहेबांनी चिठ्ठी दिली, या तीन जागी शून्य मारा. मला काय माहीत ते काय आहे. मी मारली. चिपमध्ये शून्य कधीही मारता येतं भाऊ, आधीचं काही पुसावं लागत नाही. पण मारलेलं एक शून्य काढायचं, तर सगळीच चिप पुसावी लागते."

पुढे शेजारणीकडून त्यांच्या कानावर आलं, की कुठल्याशा वर्कशॉपात एका बाईची बोटं प्रेसमध्ये गेली. कुठलं वर्कशॉप, कुठलं कार्ड, काहीच कळलं नाही. आपल्या शून्यांमुळे गेली की नाही, हेही नाही. तेव्हा ताईंनी सेकंडहँड पुस्तक आणलं आणि आपण काय भरत होतो ते एकेक आकडा घेऊन शिकल्या. कंपनी बंद झाल्यावर दुरुस्तीची कामं घ्यायला लागल्या, ती त्यासाठीच. आम्ही समजत होतो बाई चिपा दुरुस्त करत फिरतात. बाई आपली शून्यं शोधत फिरत होत्या.

एवढ्यात शेठ आले. पेटीतला उजेड बघून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"पुसतेय."

"पुसताय? अहो, जशी आहे तशी दुसरी उतरवून द्या म्हणून सांगितलं होतं ना?"

"जशी होती तशी आता कुठेच नाही. आता देईन ती दोन बटणांची."

शेठ तापले. उद्याची गाडी, चाकणच्या साहेबांचे फोन, सगळं म्हणून झालं. मग माझ्याकडे वळले. "तूच सांग. इतकी वर्षं चाललं ना मशीन नीट?"

मी हो म्हणणार होतो. खोटं कशाला बोलू, जिभेवर आलंच होतं. पण मागे प्रेसचा ऑपरेटर दत्ता उभा होता, लातूरकडचा, कधी तोंड न उघडणारा. तो म्हणाला, "शेठ, उजव्या हातानं बटण दाबतो आन् डाव्यानं आत पत्रा धरतो मी. रोज."

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. मग दत्ताच्या डाव्या हाताकडे बघितलं. नऊ वर्षांत मीही तो हात असा कधी बघितला नव्हता.

"नाही चाललं नीट," मी म्हणालो. "नशिबाने निभावलं."

शेठ म्हणाले, "पत्रा धरायला काय करणार मग?" म्हणजे मान्य होतं. मी खाली दोन पिना बसवून दिल्या, पत्रा आपोआप जागेवर राहायला लागला. ताईंनी कोरी चिप घेतली, वाचून ठेवलेले आकडे तिच्यात उतरवताना उजव्या बटणाच्या ओळीत मागे फिरायची जी जागा लिहिली होती तीच डाव्या बटणाच्या ओळीत लिहिली, आणि खिडकीवर जाड काळी पट्टी लावली. दत्ताने डाव्या बटणावरची टोपी काढली, दोन्ही बटणं दाबली, साचा खाली आला. मग एकच बटण दाबलं, साचा हलला नाही. ताईंनी त्याच्याकडून तेच वीस वेळा करून घेतलं आणि दर वेळी मान डोलावली. दुसऱ्या दिवशीची गाडी संध्याकाळपर्यंत भरली.

त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, अशा किती चिपा राहिल्यात. "माझ्या आठवणीप्रमाणे सहा," म्हणाल्या, जणू बाजारातून आणायच्या भाज्या राहिल्यात. "ऐकण्यात आलं तर कळवा." नंतर मी त्यांना दोन पत्ते दिले. त्यातल्या एका ठिकाणची चिप त्यांनी भरलेली निघाली.

अपघात झाला की चार माणसं जमतात, वर्षानुवर्षं बोलतात. जो होत नाही, त्याचा पत्ता कुणालाच लागत नाही. ताईंना हे ठाऊक असणार. आपण किती हात वाचवले, हे त्यांना कधी मोजता येणार नव्हतं, आणि तरी त्या फिरत होत्या. मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी.

आम्हाला मात्र एकदा पत्ता लागला. गेल्या महिन्यातली गोष्ट. पत्रा पिनेवर तिरका बसला, दत्ता सवयीने डावा हात आत घालून तो सरळ करायला गेला आणि वाकताना त्याचं उजवं कोपर बटणावर दाबलं गेलं. मी दहा फुटांवरून बघत होतो. साचा वरच राहिला. दत्ताने हात बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसला.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ताईंना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. आई दोन महिन्यांपूर्वी गेली, म्हणाली, झोपेतच. काही काम होतं का?

मग मी झालं ते सगळं सांगून टाकलं. तिला सगळं माहीत असावं, कारण शेवटी तिने एवढंच विचारलं, "आणि ते आता काय करतायत?"

दत्ता समोरच डबा उघडून बसला होता. डाव्या हातात भाकरी धरून उजव्याने मोडत होता. मी तिला तेवढं सांगितलं.